४० चौरस फुटांची बाल्कनी: कामाच्या नोंदी

१० जानेवारी

आज बाल्कनी पूर्ण रिकामी केली. तुटका कपड्यांचा स्टँड, रंगाचे वाळलेले डबे, सायकलचा पंप आणि आतली माती घट्ट बसलेल्या रिकाम्या कुंड्या, एवढं निघालं. मग टेप घेऊन मापं घेतली. आतून १० फूट लांब, ४ फूट रुंद. कठडा साडेतीन फुटांचा, त्यातले खालचे २ फूट भरीव भिंत आणि वर ग्रिल. डाव्या टोकाला एसीचं आउटडोअर युनिट, उजव्या कोपऱ्यात पाणी जायची जाळी, दार मधोमध, आणि ते बाहेरच्या बाजूला उघडतं. ही शेवटची गोष्ट आधी लक्षातच घेतली नव्हती.

घरात दोन खोल्या आणि माणसं तीन, त्यामुळे नुसती बाग करून भागणार नाही. तिथे कपडे वाळले पाहिजेत, एकाला लॅपटॉप घेऊन बसता आलं पाहिजे आणि मग उरलेल्या जागेत झाडं. कागदावर पहिल्यांदा सगळीकडे गोलच गोल काढले, म्हणजे कुंड्या, बावीस भरल्या. नवऱ्याने बघून एवढंच विचारलं की यात पाणी घालणारा माणूस कुठे उभा राहणार. कागद फाडला.

दुसऱ्या कागदावर आधी मोकळी जागा काढली. दार उघडताना जेवढी फरशी झाडून जातं तेवढा भाग खडूने आखला, तो पूर्ण वर्ज्य. मग दारापासून दोन्ही टोकांपर्यंत २ फुटांची वाट. दीड फुटात माणूस आडवा होऊन जातो पण हातात बादली असेल तर नाही जात, चालून बघा. या दोन गोष्टी आखल्यावर जे उरलं ते असं: कठड्यालगत एक फुटाचा पट्टा, भिंतीलगत दाराच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं, आणि उजवं टोक साधारण ३ बाय ४ फूट. उजव्या टोकाला टेबल आणि बसायची पेटी करायची, बाकी झाडांना.

१७ जानेवारी

ऊन मोजलं. सुट्टीचा दिवस धरला आणि दर तासाला जिथे ऊन पडलंय तिथे खडूने वेळ लिहिली. फरशीवर, मग एका स्टुलावर (दीड फूट), मग कठड्याच्या वर.

कठड्याच्या वर ५ तास ऊन आहे. स्टुलावर साधारण ४. आणि कठड्याच्या आतल्या बाजूला फरशीवर, जिथे सगळेजण कुंड्या ठेवतात, तिथे तासभरही नाही, कारण ती २ फुटांची भरीव भिंत सगळं अडवते. डोळ्यांना हे कळत नाही, आपल्याला तिथेही लख्ख उजेडच वाटतो. फोनमधलं प्रकाश मोजायचं अ‍ॅप लावून बघितलं, त्याचे आकडे फार धरून बसू नये पण एकाच फोनने दोन जागांची तुलना करायला चालतं, आणि उन्हातल्या जागेचा आकडा फरशीवरच्या सावलीतल्या जागेच्या वीसपट आला.

त्यावरून वाटणी: टोमॅटो-मिरचीला ६ तास थेट ऊन लागतं, निदान पाच तरी, म्हणजे ती कठड्याच्या उंचीवरच. पालक, कोथिंबीर, पुदिना यांचं ३-४ तासांत भागतं, ती स्टुलाएवढ्या उंचीच्या कुंड्यांच्या स्टँडवर. फरशीवर मनी प्लांट आणि स्नेक प्लांट सोडून काही नाही.

२४ जानेवारी

वजनाचं गणित, कारण इथेच गोची आहे. ऊन कठड्याजवळ आहे आणि वजन ठेवायचं भिंतीजवळ. आमची बाल्कनी इमारतीतून नुसती बाहेर आलेली आहे, खाली खांब नाही. अशा स्लॅबला भिंतीजवळ ठेवलेले ४० किलो आणि कठड्याजवळचे ४० किलो सारखे नसतात, जितकं लांब तितका मुळाशी ताण जास्त.

ओल्या बागेच्या मातीचं वजन लिटरला जवळपास पावणेदोन-दोन किलो भरतं. म्हणजे २० लिटरची पिशवी ३५ ते ४० किलो. अशा पाच पिशव्या कठड्यालगत म्हणजे तीन माणसं कायमची तिथे उभी. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि कंपोस्टचं मिश्रण भिजल्यावर लिटरला किलोच्या आसपास राहतं, म्हणजे तेवढ्याच पिशवीचं वजन अर्ध्यावर. मी एक बादली भरून, भिजवून, वजनकाट्यावर ठेवून बघितली. ज्याला करायचंय त्यानेही स्वतःचं मिश्रण भिजवूनच तोलावं, कोरडं तोलून उपयोग नाही.

ठरलं ते असं: कठड्याकडे फक्त हलकं मिश्रण आणि प्लास्टिक किंवा कापडी पिशव्या. मातीच्या कुंड्या मोजक्या, त्या भिंतीजवळ. सिमेंटच्या दोन जड कुंड्या देऊन टाकल्या. इमारत जुनी असेल, स्लॅबला खालून तडे दिसत असतील किंवा गंजलेली सळई डोकावत असेल तर हे असलं घरगुती गणित करत बसू नका, आधी जाणकाराला दाखवा.

अजून एक. कठड्याच्या बाहेरच्या बाजूला काहीही लटकवायचं नाही असं ठरवलंय. आतून लटकवलेल्या ट्रेलासुद्धा तारेचा एक वेढा वेगळा मारलाय.

३१ जानेवारी

भिंतीवर घडीचं टेबल. ३ फूट बाय दीड फुटाची फळी आणि घडी होणारे दोन ब्रॅकेट. ड्रिल हॅमरवर ठेवून भोक पाडायला घेतलं तर बिट लोण्यात गेल्यासारखं आत, आणि भुगा पांढरट. तिथेच थांबायला हवं होतं. प्लग (भिंतीत स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या) ठोकले, स्क्रू आवळले, शेवटच्या फेऱ्यांना प्लग जागेवर फिरतोय असं वाटत होतं पण टेबल दिसायला झकास. लॅपटॉप ठेवला, राहिला. संध्याकाळी लेक पुढच्या कडेवर दोन्ही कोपरं टेकवून खाली वाकून बघायला लागली आणि वरचे दोन्ही स्क्रू प्लगसकट बाहेर. लॅपटॉप त्या वेळी आत होता.

भिंत हलक्या ब्लॉकची आहे. भुग्यावरून ओळखता येतं: लाल भुगा म्हणजे वीट, करडा आणि बिट पुढेच सरकत नाही म्हणजे काँक्रीट, पांढरट आणि भसकन आत म्हणजे हलका ब्लॉक. हॅमरने या ब्लॉकचं भोक आतून फाटतं आणि साधा प्लग धरतच नाही. त्यात टेबलाच्या पुढच्या कडेवर जोर पडला की वरच्या स्क्रूंना तो बाहेर ओढतो, खाली दाबत नाही, त्यामुळे फळी जितकी रुंद तितका स्क्रूवर ताण.

१ फेब्रुवारी

दुरुस्ती. हॅमर बंद करून नवी भोकं, हलक्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉनचे प्लग, आणि ब्रॅकेट थेट भिंतीला न लावता आधी एक आडवी लाकडी पट्टी सहा स्क्रूंनी बसवली. टेबलाची मागची कड बिजागऱ्यांनी त्या पट्टीला. पुढच्या कडेला घडी होणारा एक पाय लावला जो फरशीवर टेकतो, म्हणजे भार भिंतीवर कमी आणि फरशीवर जास्त. ब्रॅकेट काढूनच टाकले, तेवढे पैसे गेले. टेबलाची उंची ७४ सेंटिमीटर ठेवलीये.

ही बाहेरची भिंत, म्हणून जुन्या फाटलेल्या भोकांत आधी भरण आणि वरून सिलिकॉन. उघडी ठेवली तर पावसाचं पाणी तिथूनच आत जाणार आणि आतल्या खोलीला ओल येणार. भाड्याचं घर असेल तर हे सगळं सोडा, चार पायांचं घडीचं टेबल आणा, दहा मिनिटांत काम होतं.

बसायची पेटीसुद्धा आज जोडली. उंची ४५ सेंटिमीटर, आत खत, खुरपं, कात्री. पेटी ४ इंच पायांवर उचललीये, कारण फरशीचा उतार जाळीकडे आहे आणि धुतलेलं सगळं पाणी तिच्याच खालून जातं.

८ फेब्रुवारी

मिश्रण. ५ किलोची कोकोपीटची वीट पाण्यात फुगून ६०-७० लिटर होते हे ऐकून माहीत होतं, पण ६०-७० लिटर म्हणजे किती हे बाथरूम भरल्यावर कळलं. मोठा टब नसेल तर वीट फोडून तुकड्या-तुकड्याने भिजवा.

भिजवलेलं कोकोपीट धुवावं लागतं. नारळाच्या सोडणात क्षार असतात, न धुता वापरलं तर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. जुन्या पडद्यात बांधून पाणी ओतून पिळायचं, निघणारं पाणी चहाच्या रंगाचं असतं, ते फिकट होईपर्यंत. हात भरून येतात. दुसरी वीट मी कंटाळून एकदाच पिळली, तिचं काय होतं ते कळेलच, डब्यावर खूण केलीये.

प्रमाण: कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग, आणि पाव-अर्धा भाग पर्लाइट (मिश्रण मोकळं ठेवणारे पांढरे हलके दाणे). कोकोपीटमध्ये खाऊ म्हणून जवळजवळ काहीच नसतं, त्यामुळे खत सुरुवातीलाच घालून विसरून जाता येत नाही, पुढे दर दोन आठवड्यांनी काही ना काही द्यावं लागणार.

बुडाशी खडी घालायची की नाही यावर घरात वाद झाला. मी नाही घातली. निचरा व्हावा म्हणून लोक खडीचा थर देतात, पण बारीक मिश्रणातलं पाणी खाली खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच अडकून राहतं. म्हणजे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ आला आणि कुंडीची खोली तेवढी फुकट गेली. भोकांवर जाळीचा तुकडा टाकला की माती गळत नाही, बास.

१४ फेब्रुवारी

लागवड. टोमॅटो २० लिटरच्या दोन पिशव्यांत एकेक रोप, मिरची १० लिटरच्या तीन कुंड्यांत. पालक आणि कोथिंबीर ६ इंच खोलीच्या लांबट ट्रेमध्ये. पुदिना वेगळ्या कुंडीत, त्याला कुणाबरोबर लावलं की तो बाकीच्यांना जगू देत नाही. उरलेल्या मिश्रणातून लहान लहान दहा-बारा कुंड्या भरल्या, मोह. त्यांच्याबद्दल पुढे.

टोमॅटोच्या पिशव्या कठड्याच्या उंचीला आणायला लोखंडी स्टँड, कठड्याला तारेने बांधलेला. वर वारा असतो आणि भरलेलं उंच झाड शिडासारखं वागतं, नुसतं ठेवून भागत नाही.

१ मार्च

पाणी. आम्ही चार दिवस बाहेर जाणार म्हणून ठिबक बसवलं, आणि सगळ्यात जास्त वेळ, पैसे आणि भांडणं यातच गेली.

नळ बाल्कनीत नाही. म्हणून २० लिटरची बादली स्टुलावर, तिच्या काठावरून बारीक नळ्या कुंड्यांकडे, टोकाला ड्रिपर, म्हणजे थेंब-थेंब पाणी सोडणारी तोटी. दुकानातून आणले ते तासाला २ लिटरवाले, दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे, म्हटलं उत्तम. एक थेंब आला नाही. असल्या ड्रिपरच्या आत रबराचा पडदा असतो आणि तो उघडायला नळाचा किंवा पंपाचा दाब लागतो. १ मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब ०.१ बार, माझं स्टूल अर्धा मीटर. सगळं पाकीट वाया.

मग साधे, हाताने फिरवून कमी-जास्त करायचे ड्रिपर आणले. आता पाणी आलं, पण स्टँडवरच्या कुंड्यांना कमी, फरशीवरच्यांना धो धो, आणि कठड्याच्या उंचीवरच्या टोमॅटोला शून्य. साधी गोष्ट, टोमॅटो बादलीपेक्षा वर आहे, पाणी चढणार कसं. बादली त्याच्याही वर न्यायची तर २० किलोची बादली डोक्याच्या उंचीवर लटकवायची, ते मी करणार नाही.

शिवाय काठावरून येणाऱ्या नळीत हवेचा एक बुडबुडा आला की ती बंद. म्हणून बादलीला तळाशी तोटी बसवली. तोटी आली म्हणजे ती बंद करायची आठवण आली. परवा रात्री राहिली. सकाळी बादली रिकामी, फरशीभर पाणी, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर मातीचे डाग. काकू वर आल्या, चिडल्या नाहीत, "अगं पाणी सोडायचं असेल तर आधी एक हाक मार, मी कपडे काढून घेते" म्हणाल्या. त्याने जास्त लाज वाटली. चादरी आणून धुऊन दिल्या.

तोडगा अगदी बिनडोक आहे पण टिकलाय: बादलीत कधीच ५ लिटरपेक्षा जास्त भरायचं नाही. तोटी राहिली तरी तेवढंच सांडेल आणि तेवढं कुंड्या पिऊन टाकतात. बाहेरगावी जाण्यासाठी मात्र ही व्यवस्था बाद, त्या चार दिवसांची चावी शेवटी काकूंकडेच दिली.

१५ मार्च

टोमॅटो आणि ट्रेसाठी ठिबकचा नाद सोडून दोरीवर आले. कुंडीखाली झाकणाचा डबा, डब्यात पाणी, कुंडीच्या भोकातून दोरी खाली पाण्यात आणि वरचं टोक मिश्रणात पसरलेलं. दोरी पाणी वर ओढते, कोकोपीट ते पुढे घेतं.

पहिली दोरी सुती. महिन्याच्या आत पाण्यात कुजून तुटते, आमची तुटली. दुसरी नायलॉनची, ती कुजत नाही पण नवीकोरी पाणीच ओढेना, तिच्यावर काहीतरी तेलकट असतं. गरम साबणपाण्यात धुतल्यावर ओढायला लागली. बसवण्याआधी दोरीचं एक टोक भरलेल्या पेल्यात आणि दुसरं पेल्याबाहेर कागदावर ठेवून बघा, कागद भिजला तरच लावा. नंतर कुंडी उपटून दोरी बदलणं म्हणजे मुळं तोडणं.

डब्याच्या झाकणाला दोरीपुरतंच भोक आणि बाकी सगळं चिकटपट्टीने बंद. उघड्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासाच्या अंड्याचा डास होतो. बाकीच्या कुंड्यांखालच्या ताटल्या म्हणून मी काढूनच टाकल्या, ज्या दोन ठेवल्यात त्या दर रविवारी ओतून पुसायच्या.

ती एकदाच पिळलेली वीट: त्या डब्यातल्या मिश्रणात लावलेल्या कोथिंबिरीच्या पानांच्या कडा तपकिरी. शेजारच्या ट्रेमधली छान आहे. बी तेच, पाणी तेच.

२९ मार्च

उकाडा वाढला, एसी सुरू झाला, आणि डावीकडच्या टोमॅटोने माना टाकल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून वरून अजून घातलं. उपयोग नाही. मग दुपारी एसी चालू असताना तिथे हात धरून बघितला तर भट्टी. आउटडोअर युनिट समोर गरम हवा फेकतं आणि तो टोमॅटो बरोबर तिच्या वाटेत. फुलं धरली होती ती सगळी देठासकट गळली. टोमॅटोला ३५ अंशांच्या वर फळधारणा जमत नाही, पराग निकामी होतात, आणि त्या झोतात तापमान त्याच्या कितीतरी वर असणार.

पिशवी उजवीकडे हलवली. युनिटसमोर आता काहीच नाही, आणि तसंही एसीला मोकळी हवा लागते, समोर झाडं दाटली तर वीज जास्त खातो. जागेच्या हिशेबातून ३ फूट असे गेले. हे जानेवारीत एसी बंद असताना मोजमाप करणाऱ्याला कळत नाही.

एसीची एक भलाई: त्याच्या नळीतून पडणारं पाणी. दमट दिवशी बादली भरते. ते हवेतलं पाणी गार पडून झालेलं, क्षार जवळजवळ नाहीत, कुंड्यांना चालतं. माणसांनी पिऊ नये अर्थातच.

१२ एप्रिल

किड्यांची नोंद, थोडक्यात.

ट्रेमध्ये बारीक काळी चिलटं. कारण मीच बसवलेली दोरी: ६ इंचांच्या उथळ ट्रेमध्ये पाणी थेट वरपर्यंत चढतं, पृष्ठभाग कधी सुकतच नाही आणि चिलटं तिथेच अंडी घालतात. डबा दोन-तीन दिवस रिकामा ठेवायचा, वरचा इंचभर थर कोरडा पडू द्यायचा, मग पुन्हा भरायचा, असं आलटून पालटून. सोबत पिवळे चिकट कागद. कमी झाली, गेली नाहीत. २० लिटरच्या खोल पिशव्यांत हा त्रास अजिबात नाही.

मिरचीवर लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड), पानामागे बारीक जाळी. एसीच्या बाजूची मिरची आधी, कारण त्याला कोरडी गरम हवा आवडते. पानं उलटी करून पाण्याचा जोरदार फवारा, दिवसाआड. नंतर कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली आणि थोडा लिक्विड साबण, नाहीतर तेल पाण्यात मिसळतच नाही. संध्याकाळीच मारायचं. नवऱ्याने हौसेने सकाळी दहाला मारलं, दुपारपर्यंत पानांवर डाग.

ट्रेवर वरून पांढरा थर दिसायला लागलाय, तो बुरशी नाही, क्षार आहेत. दोरीने पाणी फक्त वर जातं, उडून जातं, त्यातले क्षार वरच राहतात. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी ओतून खालून वाहू द्यायचं. काकूंना हाक मारून.

१९ एप्रिल

पेटीत ठेवलेल्या खताच्या पोत्याला बुरशी. झाकण घट्ट, हवा जायला वाटच नाही. दोन्ही बाजूंना वरच्या कडेला भोकांची रांग पाडली, आतून जाळी.

कपडे: दोऱ्या झाडांच्या बरोबर वर होत्या. ओल्या कपड्यांचं साबणाचं पाणी पानांवर आणि सकाळचं सगळं ऊन चादरींवर. आता दोऱ्या भिंतीच्या बाजूला घेतल्या, कप्पीवर, कपडे टाकून छतापर्यंत वर ओढायचे. डोक्याला लागत नाहीत आणि खाली टेबलावर बसता येतं. अख्ख्या प्रकल्पातली घरात सगळ्यांना आवडलेली एकमेव गोष्ट ही कप्पी आहे, झाडं नाहीत.

३ मे

ऊन गेलं. म्हणजे ऊन भरपूर आहे, पण बाल्कनीत नाही. जानेवारीत सूर्य खालून तिरपा येत होता तेव्हा भिंतीपर्यंत ऊन यायचं. आता तो वर चढलाय आणि वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब सावली धरतो. कठड्यालगतचा एक फुटाचा पट्टा सोडला तर स्टँडवर दीड तास मिळतोय. खडूने पुन्हा मोजलं तेव्हा खात्री झाली.

यावर इलाज नाही, फक्त वाटणी बदलता येते. स्टँडवरचा पालक तसाही उन्हाळ्यात तुरे काढून कडू झाला होता, तो उपटला. पुदिना तिथे खूश आहे. मिरच्या आत होत्या त्या कठड्यावर आल्या. कुंड्या हलवता येतील अशाच ठेवा हे आता पटलं, जी मी दोन हातांनी उचलू शकत नाही ती मोठ्या चाकांच्या पाटावर. लहान चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात.

टोमॅटोच्या पहिल्या फळांच्या बुडाला काळे चामड्यासारखे डाग. रोग नाही, कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, आणि बहुतेक वेळा ते मातीत कमी असतं म्हणून नाही तर पाणी कधी भरपूर कधी कोरडं असं झालं म्हणून. दोरीचा डबा दोनदा रिकामा राहिला होता त्याच आठवड्यातली ही फळं. डब्याला आता एक पारदर्शक नळी लावलीये, बाहेरून पातळी दिसते. नंतरची फळं स्वच्छ आली.

२४ मे

त्या लहान दहा-बारा कुंड्या. अर्धा-एक लिटरच्या, दिसायला गोड, उन्हाळ्यात सकाळी पाणी घातलं तर दुपारी कोरड्या. दिवसातून दोनदा पाणी, प्रत्येकीसाठी वाकायचं, आणि त्यांच्यामुळे वाट २ फुटांची दीड फूट झाली होती. रोज पाण्याला अर्धा तास लागायचा त्यातला बहुतेक या कुंड्यांवर. निम्म्या रोपांनी जीव सोडलाच होता. उरलेल्यांतली चांगली चार रोपं एका मोठ्या कुंडीत एकत्र लावली, बाकी कुंड्या दिल्या. आता सगळं मिळून नऊ मोठ्या कुंड्या आणि पिशव्या. पाण्याला दहा मिनिटं.

कंपोस्टचा डबा करून बघितला, झाकणाची बादली, भोकं पाडून. वास आला, कारण ओला कचराच जास्त, कोरडं काही नाही. एक भाग ओल्याला दोन भाग वाळकी पानं किंवा फाडलेलं खोक्याचं पुठ्ठं घातल्यावर वास गेला. पण तेवढी वाळकी पानं आणि पुठ्ठं साठवायलाही जागा लागते आणि ती आमच्याकडे नाही. बंद केलं. ज्यांच्या इमारतीत खाली सामाईक खड्डा आहे त्यांनी तिथेच टाकावं.

१४ जून

सध्याची यादी. टोमॅटो दोन, एकाला फळं, दुसरा (एसीवाला) झाड म्हणून जगतोय. मिरच्या तीन, सगळ्यात कमी कटकट यांची. पुदिना. कोथिंबिरीची एक ट्रे, दुसरी रिकामी, पावसात त्यात काय लावायचं ते ठरलेलं नाही. फरशीवर मनी प्लांट. टेबल अजून भिंतीवर आहे, लेक त्यावर अभ्यास करते आणि कोपरं टेकवते.

पैसे सगळ्यात जास्त स्टँडला लागले आणि ते सत्कारणी. सगळ्यात वाया गेले ते ड्रिपर आणि ब्रॅकेट. पुन्हा करायचं झालं तर मी पहिल्या महिन्यात चारच कुंड्या आणेन आणि स्टँडचं माप एसी चालू करून, दार पूर्ण उघडून, कपडे वाळत असतानाच घेईन.

राहिलेली कामं: जाळीवर बारीक जाळी अजून बसवायचीये, पानं अडकून पाणी तुंबतं. पावसाआधी टेबलाच्या कडांना वॉर्निश. स्टँडच्या पायांना गंज धरायला लागलाय, घासून रंग द्यायचा, त्यासाठी टोमॅटो दोन दिवस घरात आणावे लागतील आणि कुठे ठेवायचे यावर बोलणी चालू आहेत.